तेलवाहू महानौका आणि घनफळाचा धडा

(राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळेत केलेले भाषण)



चिकपेटच्या अरुंद पेठांतून धावणाऱ्या दुचाकींच्या पेट्रोलचा एक मोठा ओघ मंगळुरूच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून हासनमार्गे नळवाहिनीने देवनगोंदीपर्यंत येतो. त्या कारखान्याचे कच्चे तेल समुद्रमार्गे येते. ते आणणाऱ्या सर्वांत मोठ्या नौका बंदरात शिरूच शकत नाहीत. सुमारे ३३० मीटर लांब, ६० मीटर रुंद अशी ही नौका तीन लाख टन भार घेऊन वीस मीटरांहून अधिक खोल बुडते. म्हणून ती भर समुद्रात तरंगत्या बोयाला बांधून रिकामी करतात.

एवढी मोठी नौका कशासाठी? उत्तर घनफळाच्या धड्यात आहे. लांबी, रुंदी व खोली दुप्पट केली, तर सामावणारे तेल आठपट होते. पाण्याशी घासणारा पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो. त्यामुळे दर टनामागे इंधन कमी लागते.

तिचा सुमारे दहा मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला जेमतेम सत्तर-ऐंशी फेरे घेतो. वर्गातील पंखा याच्या चौपट वेगाने फिरतो. मोठा पंखा सावकाश फिरवला, तर शक्ती कमी वाया जाते. डिझेल इंजिन या पंख्याला थेट जोडलेले असते, मध्ये गिअर नसतात. नौका मागे न्यायची, तर इंजिन थांबवून उलट दिशेने सुरू करावे लागते. थांबायला तिला काही किलोमीटर लागतात, म्हणून निर्णय फार आधी घ्यावा लागतो.

परातीतले पाणी चालताना हिंदकळते. तेच पेल्यांत भरले तर सांभाळता येते. म्हणूनच नौकेच्या पोटात उभ्या-आडव्या भिंती घालून अनेक टाक्या केलेल्या असतात. १९८९ मध्ये अलास्काजवळ ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ खडकावर आदळून समुद्र तेलाने माखला. त्यानंतर तेलनौकांना दुहेरी कवच सक्तीचे होत गेले.

सप्टेंबर २०२० मध्ये कुवेतहून पारादीपकडे येणाऱ्या ‘न्यू डायमंड’ला श्रीलंकेजवळ आग लागली. यंत्रकक्षातील एका फिलिपिनो खलाशाचा मृत्यू झाला. नौकेत सुमारे दोन लाख सत्तर हजार टन तेल होते. भारतीय तटरक्षक दल, आपले नौदल आणि श्रीलंकेचे नौदल यांनी अनेक दिवस झुंज देऊन आग विझवली. ती तेलाच्या टाक्यांपर्यंत पोहोचली नाही. आपल्या घरी येणाऱ्या इंधनामागे अशी माणसेही असतात, याचे भान आपण ठेवावे.

मराठी माध्यमात शिकून पुढे विज्ञान झेपेल का, असे पालक विचारतात. आज या नौकेसाठी आपल्याला घनफळ, घर्षण आणि परातीतले पाणी एवढेच पुरले. पाया मुलाला स्वतःच्या भाषेत कळला, की इंग्रजी संज्ञा तो पुढे शिकतो. मात्र ‘असे का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय याच वर्गांत लागली पाहिजे.