एकरभर उमेद

पहाटेच निघून नांदेडहून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

लातूरकरांच्या वतीनं आपलं मनापासून स्वागत. पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या द्यावा, ही आपली रीत. 2016च्या उन्हाळ्यात ती रीत पाळायची आम्हाला चोरी झाली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत घागरींवर ऑइलपेंटनं नंबर घातले होते. आमच्या घागरीवरचा 47 मी अजून पुसू दिलेला नाही.

नांदेडकरांची जखम वेगळी आणि ताजी आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातली हसनाळ, रावणगाव ही गावं रात्रीतून पाण्याखाली गेली. माणसं गेली, दावणीची जनावरं गेली. सोयाबीनच्या शेंगा भरताना पाऊस पाठ फिरवतो आणि काढणीला आलेल्या शेंगांना पावसात कोंब फुटतात. हवामान बदललंय हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला आता कोणी पटवून द्यायला नको.

मग उमेद आणायची कुठून? कॉलेजातली पोरं मला विचारतात, ‘काका, आता काही करून काय उपयोग?’ त्यांना मी भाषण देत नाही, रान दाखवायला नेतो.

1993च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून दिवंगत प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. तिच्या साथीनं आपल्या भागातल्या बायकांनी घरात एक मागणी केली: एक एकर माझ्या हवाली करा, बाकीच्या रानात सोयाबीन घ्या, ऊस घ्या. औसा तालुक्यातलं असं एक रान मी पाहिलं. तुरीच्या ओळींमध्ये मूग, उडीद. कडेनं गवार, भेंडी, बांधावर शेवगा. कोपऱ्यात गांडूळखताचा वाफा, वर ओलं गोणपाट. ते रान कसणाऱ्या ताईंनी गोणपाट उचललं आणि मूठभर खत माझ्या तळहातावर ठेवलं. थंडगार, चहाच्या भुकटीसारखं मोकळं. ‘आधी घरात शिजतं, उरलं तर बाजारात जातं,’ त्या म्हणाल्या. एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं, पाणी थोडं लागतं, खतासाठी उधारी नाही. संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला तो 2016 सालीच. पाण्याच्या रेल्वेचे फोटो देशभर छापून आले, या बायकांचे तेवढे आले नाहीत, याची मला आजही खंत वाटते.

एकरभर रानानं जगाचा ताप उतरणार नाही, हे मी जाणतो. भरमसाट धूर ओकणाऱ्यांना आणि धोरणं आखणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा. उद्याचा दिवस आपण त्यासाठीच राखून ठेवलाय. पण ज्या घराची चूल दुष्काळातही पेटती राहिली, तिथली बाई ग्रामसभेत उठून बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुपारच्या पंगतीतली ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेवग्याच्या शेंगांची भाजी अशाच रानांतून आली आहे. पिकवणाऱ्या ताई तिसऱ्या रांगेत बसल्यात, वर यायला संकोचताहेत. पहिलं सत्र त्यांचंच आहे. ताई, या. हा माइक घ्या.