इतिहासाची पुस्तकं आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला विषय दिला होता 'वाचनाचे महत्त्व'. असा विषय नुसता ऐकला तरी माणसाला जांभई येते. त्यात मागच्या बाजूला खीर शिजते आहे, तिचा वास इथवर येतोय. तेव्हा विषय जरा लहान करून घेतो. इतिहासाची, समाजाची, संस्कृतीची जी पुस्तकं आपल्यासारख्या साध्या माणसाला वाचता यावीत म्हणून लिहिलेली असतात, 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर आणि दीक्षाभूमीवर ज्यांचे ढीग लागतात, त्या पुस्तकांबद्दल बोलतो.

सुरुवात एका मराठी पुस्तकापासून करू. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. आपल्या समाजातला पोरगा मॅट्रिक होणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! त्यांच्या सत्काराची सभा भरली, अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांनी हेरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं. शाल नाही, नारळ नाही, पुस्तक. पुढं 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जे घडलं, त्याच्या मागे जाता जाता आपण या पुस्तकापाशी येऊन पोचतो. मधे 49 वर्षं गेली. बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाला जी प्रस्तावना लिहिली होती, तिच्यात दादा केळुसकरांच्या या पुस्तकाची आठवण सांगितली आहे.

आता ध्यानात घ्या, ते पुस्तक पंडितांसाठी लिहिलेलं नव्हतं. मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही कळावं असं होतं. केळुसकर आपल्या समाजातले नव्हते. तरीपण पुस्तक योग्य हातात पडलं.

आता आपल्या घरांकडं बघू. आपल्या वस्तीत असं घर सापडणार नाही की जिथं बाबासाहेबांचा एक तरी ग्रंथ नाही. शोकेसमध्ये, काचेच्या आत, तथागतांच्या मूर्तीशेजारी. पौर्णिमेला त्याच्यावरची धूळ पुसली जाते, फूल वाहिलं जातं. आम्ही एकदा एका घरी ग्रंथ हातात घेतला तर त्याची पानं एकमेकांना चिकटलेली, कधी सुटी केलीच नव्हती. घरमालक म्हणाले, "भाऊ, जपून, पवित्र ग्रंथ आहे." आम्ही गप्प बसलो, कारण आमच्याही घरी तेव्हा दोन खंड तसेच होते. खोटं कशाला बोला.

न वाचता बोललं की काय होतं, ते आमच्याच उदाहरणावरून सांगतो. काही वर्षांमागे जयंतीच्या सभेत आम्ही भाषणाला उभे राहिलो. कोरेगावच्या लढाईवर बोललो. 500 महार आणि पेशव्यांची 28,000 फौज, असं हात उंचावून सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या गल्लीतला, कॉलेजात जाणारा, आपलाच एक पोरगा उठला. म्हणाला, "काका, पाचशेच्या पाचशे महार होते, हे कुठल्या पुस्तकात आहे?" आम्हाला पुस्तक माहीत नव्हतं. आम्ही ते एका चोपड्यात वाचलं होतं, त्या चोपड्याला लेखकाचं नावसुद्धा नव्हतं. पण मान्य कोण करणार? आम्ही त्याला म्हणालो, "बस खाली, समाजाच्या विरोधात बोलू नको." पोरगा बसला. आणि नंतर दोन वर्षं विहारात आला नाही. त्याची आई यायची, तो नाही.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. 1 जानेवारीला कोरेगावला एवढी गर्दी असते की स्तंभाला लांबूनच वंदन करावं लागतं. म्हणून आम्ही मुद्दाम एका साध्या दिवशी गेलो. आणि नंतर पुस्तकंही धुंडाळली. लढाई झाली 1 जानेवारी 1818 ला. कंपनीची तुकडी सुमारे 800 माणसांची. त्यात पायदळ होतं, घोडेस्वार होते, मद्रास तोफखान्याचे गोलंदाज होते. पायदळात महार सैनिक मोठ्या संख्येनं होते, पण बाकी जातीधर्माचेही लोक होते. 28,000 हा आकडा पेशव्याच्या सगळ्या फौजेचा सांगतात; प्रत्यक्ष गावावर चालून आलेल्या तुकड्या सुमारे 2,000 च्या. स्तंभावर धारातीर्थी पडलेल्यांची 49 नावं आहेत. त्यांतली 22 नावं 'नाक' या शेवटाची. म्हणजे आपल्या माणसांची.

मित्रहो, 49 मध्ये 22! ज्यांची सावली नको होती, त्यांची नावं दगडात कोरलेली. ज्या पेशवाईत आपल्या माणसांना माणूस म्हणून चालायची बंदी, तिच्या फौजेपुढं ती माणसं दिवसभर तहानेनं व्याकूळ होऊन उभी राहिली. याला आणखी कुठला आकडा चिकटवायची गरज काय? 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले ते या नावांसाठी. त्याच्याही आधी, सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा, 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनी जो अर्ज तयार केला, तो याच लष्करी सेवेच्या आधारावर. वलंगकर स्वतः पलटणीतले पेन्शनर. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, त्यात शास्त्र सांगणाऱ्यांना प्रश्न विचारले, एकामागून एक. आपल्या समाजातल्या माणसानं लिहिलेलं, छापलेलं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक. आणि त्याचं रूप काय, तर प्रश्न! आणि आम्ही प्रश्न विचारणाऱ्या पोराला खाली बसवलं.

तथागतांनी केसपुत्तला कालामांना काय सांगितलं, ते भन्तेजी आपल्याला दर वर्षावासात समजावतात. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. हे आपण मनुस्मृतीला लावतो, पुराणांना लावतो, त्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण आपल्या स्टॉलवरच्या चोपड्याला लावतो का? मोबाईलवर बाबासाहेबांच्या फोटोखाली येणाऱ्या वाक्याला लावतो का? ते वाक्य बाबासाहेबांचं आहे की कुणी घरी बसून बनवलंय, खंड कुठला, पान कुठलं, एवढं तरी विचारावं.

बाबासाहेब स्वतः कसं लिहायचे ते बघा. 1946 साली त्यांचं 'शूद्र पूर्वी कोण होते?' हे पुस्तक इंग्रजीत आलं, ते त्यांनी महात्मा फुल्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. 1948 साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' आलं, ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण. या दुसऱ्या पुस्तकात त्यांचं म्हणणं असं की अस्पृश्य हे मूळचे पराभूत टोळ्यांतले फुटलेले लोक. ते गावाबाहेर राहून गावाची राखण करायचे. ते बौद्ध होते आणि गोमांस सोडायला तयार नव्हते, म्हणून सुमारे इ.स. 400 च्या काळात त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. गावाबाहेर राहणाऱ्या फुटीर लोकांचा दाखला द्यायला ते थेट आयर्लंड आणि वेल्सच्या जुन्या कायद्यांपर्यंत गेले. केवढी मेहनत! आणि एवढं करून प्रस्तावनेत मोकळेपणानं सांगतात की मधले काही दुवे सापडत नाहीत, तिथं अनुमान करावं लागलं, आणि हे आपलं म्हणणं अखेरचं आहे असा आपला दावा नाही.

आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गिरणीत रात्रपाळी होती, डब्याच्या पिशवीत पुस्तक असायचं. साच्यावर धागा तुटला की तो सांधावा लागतो, आणि सांधला की गाठ राहते. कापड तपासणारा बोटांनी ती गाठ बरोबर शोधतो. बाबासाहेब वाचणाऱ्याचं बोट धरून त्या गाठीवर ठेवतात, की बघ, इथं मी सांधलंय, तुला जास्त चांगला धागा मिळाला तर जोड. सगळा इतिहास माहीत असल्यासारखं लिहिणारे लेखक आम्ही पुष्कळ वाचले. त्यांच्या पुस्तकात गाठ सापडत नाही, आणि तिथंच आम्हाला आता संशय येतो.

आणखी एक कबुली देतो. 1987 साली महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, संपादक वसंत मून. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होतं, आणि राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला. पानं जाळली गेली. फेब्रुवारी 1988 मध्ये आपल्या लोकांचा मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. आम्हाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. शेवटी परिशिष्ट राहिलं, शासन या मतांशी सहमत असेलच असं नाही अशी टीप त्याच्याबरोबर आली. पुस्तक वाचलं, याचा आनंद झाला. पण आम्ही ते वाचलं कधी? मोर्चानंतर अकरा वर्षांनी! ज्यांनी पानं जाळली त्यांनीही वाचलं नव्हतं, ज्यांनी मोर्चा काढला त्यांच्यातल्या आमच्यासारख्यांनीही नव्हतं. मोर्चा बरोबरच होता, उद्या वेळ आली तर पुन्हा जाऊ. फक्त पुस्तक वाचून जाऊ.

काही जण म्हणतात, जाड खंड कामगार माणसानं वाचायचे कधी? त्यांना आम्ही गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तक दाखवतो. 1988 साली आलं. मूळचं भाषणच ते. खिशात मावेल एवढं, एका सुट्टीच्या दिवशी वाचून संपेल असं. शिवराय रयतेचे राजे कसे होते, त्यांच्या पदरी मुसलमान सरदार-अधिकारी कसे होते, हे त्यात आपल्या रोजच्या बोलण्यातल्या भाषेत सांगितलंय. त्याच्या लाखांवर प्रती गेल्या. 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात पानसरे सकाळी फिरून येत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, 20 तारखेला ते गेले. एवढ्याशा पुस्तकाच्या लेखकाला कुणी घाबरत असेल, तर त्या पुस्तकांचं वजन पानांवरून ठरवू नये.

आता भगिनींसाठी. म्हणजे खरं तर पुरुषांसाठी, कारण भगिनींना हे आधीच माहीत आहे. 1989 साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून ते लिहिलं. परिषदा घेणाऱ्या, सत्याग्रहात उतरलेल्या, वसतिगृहं चालवणाऱ्या बाया. त्या दोघी गेल्या नसत्या तर किती नावं चुलीच्या धुरात गेली असती! बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून.

हे पुस्तक वाचलं आणि आम्हाला आमची आजी आठवली. 7 डिसेंबर 1956 ला ती दादरच्या चौपाटीवर होती. बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथल्या जनसमुदायाला दीक्षा दिली, लाखाच्या वर लोकांनी घेतली, हे पुस्तकात आहे. पण आजी कुणाबरोबर गेली, चालत गेली का, लहान पोरं कुणाकडं ठेवली, घरातले देव तिनं कधी बाहेर काढले आणि कुठं नेऊन सोडले, आजोबा काय म्हणाले, हे कुठल्याच पुस्तकात नाही. आम्ही तिला विचारलं नाही. चळवळीच्या बैठकांना जात होतो, आणि घरात बसलेली आजी विचारायची राहिली. ती गेली.

आपल्या विहाराचंही तेच आहे. ही स्मरणिका निघते आहे, त्यात देणगीदारांची नावं छापतील, समितीची छापतील. पण सुरुवातीला इथं पत्र्याची शेड होती तेव्हा विटा डोक्यावरून कुणी आणल्या? पाणी कुठल्या नळावरून भरलं? ज्या बायकांनी रोजावरून येऊन रात्री माती भरली, त्यांतल्या चार जणी आज इथं पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची नावं कुठं आहेत?

भन्तेजींची परवानगी घेतली आहे. येत्या रविवारपासून वंदना झाली की अर्धा तास पुस्तक वाचायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी तर जरूर यायचं, प्रश्न तेच चांगले विचारतात. कुणी विचारलं तर "बस खाली" म्हणायचं नाही. म्हटलं तर दंड, पन्नास रुपये, पहिला आमच्याकडून आगाऊ जमा. सुरुवात 'आम्हीही इतिहास घडवला'पासून. तो मागच्या गल्लीतला पोरगा, आता पोरगा कसला, नोकरीला लागलाय, त्यानं वाचायचं कबूल केलं आहे. आम्ही त्याच्या दारी दोनदा गेलो तेव्हा कुठं हो म्हणाला.

आणि दहावी-बारावीच्या मुलांना एक काम. समितीनं दहा वह्या आणल्या आहेत, खीर घेऊन झाली की इथं टेबलावरून घेऊन जा. पुढच्या रांगेतल्या त्या चार आज्यांपासून सुरुवात करा. त्या बोलतील तसंच लिहा, भाषा सुधारू नका. तारीख घाला, कुणी सांगितलं ते लिहा, आणि जिथं आठवत नाही म्हणाल्या तिथं आठवत नाही असंच लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!