उतारवयातील प्रोस्टेट : ग्रंथी, स्नायू आणि कुलपे



साहित्याच्या व्यासपीठावर लघवीचा विषय निघाला, याचे नवल वाटू देऊ नका. पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या घरांत बोलणे मराठीत, दवाखान्यात हिंदीत आणि सोनोग्राफीचा कागद इंग्रजीत. ‘प्रोस्टेट एन्लार्ज्ड’ एवढे वाचून वडीलधारे गप्प होतात. दुखण्याला घरच्या भाषेत शब्द मिळाले की भीती ओसरते.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रनलिका तिच्यातून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे 20 ग्रॅमची असते. साठीपर्यंत जवळजवळ निम्म्या पुरुषांत तिची साधी वाढ सुरू झालेली असते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे.

पण ग्रंथी किती ग्रॅमची, एवढ्यावरून त्रास ठरत नाही. 60 ग्रॅमवाला रात्रभर झोपू शकतो आणि 30 ग्रॅमवाला चारदा उठतो. याचे एक कारण स्नायूत आहे. या ग्रंथीत आपल्या इच्छेने न हलणारा स्नायू असतो आणि उतारवयातल्या वाढीत स्नायू व तंतूंचा वाटाच मोठा असतो. त्या स्नायूवर ‘अल्फा-1’ नावाचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. त्यांना कुलपे म्हणा. शरीरातली नॉरॲड्रिनॅलिन ही किल्ली त्यांत फिरली की स्नायू आवळतो आणि वाट अरुंद होते. थंडीत आणि मनावर ताण असताना ही किल्ली अधिक फिरते.

म्हणजे अडथळे दोन : एक आकाराचा, दुसरा आवळण्याचा. दुसरा औषधाने सैल होतो, हे जेरुसलेमचे मार्को केन यांनी 1970 च्या दशकात दाखवले. आजचे टॅम्सुलोसिन ही कुलपे झाकते. गुण काही दिवसांत दिसू लागतो. फिनास्टेराइड आकार कमी करते, त्याला सहा महिने लागतात. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याने झटकन उठू नये, चक्कर येते. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध आवर्जून सांगावे.

संत्र्याच्या हंगामात थंडी पडते, सर्दी होते आणि मेडिकलमधून गोळी येते. अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते. ती जणू त्याच कुलपाची दुसरी किल्ली. सोबतचे क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करते. वाट आवळलेली, जोर गेलेला. अशाने लघवी पूर्ण अडू शकते. म्हणून सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

लघवी अडलीच, पोट तटतटले, तर थेट रुग्णालय गाठा. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामे करतात. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, तरी सांगतो : त्या वेळी आमच्या साखरेच्या गोळ्यांची वाट पाहू नका. लघवीत रक्त दिसले किंवा थंडी वाजून ताप आला, तरीही थांबू नका.

नागपूरच्या बसमध्ये अडचण नको म्हणून दिवसभर पाणी तोडणेही बरे नव्हे. आम्हा जैनांत सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नेम पुष्कळजण पाळतात. रात्रीच्या उठण्याला तो सोयीचाच, पण दिवसाचे पाणी उजेडी पुरते प्यायला हवे.

मूत्राशय जोर लावून आधी जाड होते, पुढे थकते. थकलेले मूत्राशय वाट मोकळी झाली तरी पूर्वीसारखे चालेलच असे नाही. म्हणून संकोचात वर्षे घालवू नका. आणि घरातल्या लेकी-सुनांनो, बाबा रात्री किती वेळा उठतात हे आधी तुम्हालाच कळते. त्यांना मराठीतच विचारा, आणि डॉक्टरकडे सोबत जा.