काळीतून पांढरीवर, पांढरीवरून गडावर

(अमरावती येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इथे येताना तुमच्यापैकी बरेच जण जवाहर गेटाजवळून आले असतील. त्या दरवाज्याखालून आपण भाजी घेऊन गेलो, वरातीत नाचत गेलो, शाळेला उशीर झाला म्हणून पळत गेलो. थांबून मान वर करणारे मात्र थोडेच. हा दरवाजा ज्याचा, तो अमरावतीचा परकोट १८०७ मध्ये निजामाच्या अमलात बांधायला घेतला. पेंढाऱ्यांच्या धाडी पडत होत्या आणि गावात लुटण्यासारखा व्यापाऱ्यांचा पैसा होता. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. त्यातल्या एकीला खुनारी खिडकी म्हणतात. तिच्यापाशी सातशे माणसं मारली गेली, ही आठवण त्या नावात राहिली आहे. वऱ्हाडातल्या गढ्या आणि गड या आजच्या विषयाची सुरुवात करायला मला दूर कुठे जावं लागलं नाही ते यामुळे.

आपल्याकडची तरुण मंडळी रायगडाला जातात, राजगडाला जातात. जावंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा मलाही तुमच्याइतकाच आनंद झाला. त्या बारांत वऱ्हाडातला एकही नाही, कारण ती यादी वेगळ्या इतिहासाची आहे. पण आपण स्वतःच्या मनातही एक यादी ठेवतो आणि तिच्यातूनही आपल्या घरचे किल्ले गळाले आहेत. हे मला सलतं.

मी गडापासून सुरुवात करणार नाही, गढीपासून करणार आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला काळी आणि पांढरी हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिची भिंत उभी राहत नाही. म्हणून देशमुखांनी, पाटलांनी गढी बांधली ती पांढऱ्या मातीची. मातीत भुसकट तुडवून थरावर थर चढवायचा, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग पुढचा. तळाशी दगड, वर माती, कोपऱ्याला गोल बुरूज आणि बुरजात गोळी झाडायला जंग्या.

माझ्या मामाच्या गावाला अशी गढी होती. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिच्या बुरजावर चढायचो आणि आजी खालून ओरडायची, "गढीवर जाऊ नोका रे पोट्टेहो, माती खचते!" माती खचत होती हे खरंच होतं. पण पावसापेक्षा जास्त ती टोपल्यांनी खचत होती. धाब्यावर टाकायला, भिंत सारवायला पांढरी माती लागे आणि गढीची माती सगळ्यांत चांगली. दरवर्षी गाव आपल्याच गढीचा एक घास घेत असे. मी त्यात कोणाला दोष देत नाही, घर गळत असेल तर माणूस आणखी काय करणार? पण बाळापूर, अकोट, दर्यापूर, अचलपूर या पट्ट्यात फिरताना गावाच्या मधोमध एक उंचवटा, त्यावर बाभळी आणि एका कोपऱ्याला अर्धवट बुरूज असं दिसलं की मी गाडी थांबवतो. ती गढीची शेवटची खूण असते.

या गढ्या एवढ्या का झाल्या? एकाच गावावर दोन धनी, हे त्याचं एक कारण. अठराव्या शतकात वऱ्हाडात दुअमली चालली. निजामाचे लोक वसुलीला येत आणि नागपूरकर भोसल्यांचेही येत. दोघांच्या मध्ये पाटील-देशमुख आणि त्यांच्या मागे रयत. त्यात पेंढारी आले की धान्य, गुरं, बायका-पोरं आत घ्यायला जागा हवी. गढी राजाची नव्हती, गावाची होती.

आता गडावर. अकोटहून शहानूरला जायचं, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि वर नरनाळा. मधला नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड असा तीन अंगांचा हा पसारा आहे. नवगजी तोफ, राणीमहाल, तलाव हे सगळं एका दिवसात पाहायचा आपला आग्रह असतो आणि संध्याकाळी मोबाईलमध्ये फोटोंशिवाय काही उरत नाही. मी तुम्हाला विनंती करतो, नरनाळ्याला जाल तेव्हा अख्खी सकाळ एका महाकाली दरवाज्याला द्या.

दगड पांढुरक्या रंगाचा. कमानीच्या दोन्ही अंगांना कमळं. वर जाड कोरीव कणी आणि तिच्याखाली अरबी अक्षरांची ओळ. बाजूंना पुढे आलेले सज्जे, त्यांना दगडी जाळ्या, आणि या जाळीची नक्षी त्या जाळीला नाही. शिलालेख सांगतो की बहमनी सुलतान महमूदशाहाच्या काळात, १४८७ मध्ये, फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने हा दरवाजा उभारला. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा कमळाच्या पाकळीवर छिन्नीचे बारीक ठसे दिसतात. बोट फिरवू नका, नुसतं पाहा. ते ठसे कोणत्या सुलतानाचे नाहीत. ज्या हातांनी ते उमटवले त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, पण पाचशे वर्षांनी त्यांचं काम आपल्या डोळ्यांसमोर आहे.

हा फतहुल्ला कोण? फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की तो मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४९० च्या सुमारास तो स्वतंत्र झाला आणि अचलपूरची इमादशाही सुरू झाली. आता चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या शार्दूल दरवाज्यासमोर उभे राहा. सिंहांसोबत तिथे दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे आणि त्याने चोचींत, पंजांत हत्ती धरले आहेत. हा गंडभेरुंड. कर्नाटकात, विजयनगरच्या राज्यात मान असलेलं हे चिन्ह मेळघाटाच्या कड्यावर, इमादशाहीच्या दरवाज्यावर आलं आहे. मला त्यात एक माणूस दिसतो, ज्याचं सगळं बदललं आणि तरी बालपणीचं काहीतरी हातातून सुटलं नाही. हे माझं वाचन आहे, तुम्ही तुमचं करा. इतकं मात्र नक्की, की वऱ्हाडच्या घडणीत किती वाटा मिसळल्या आहेत ते या एका दगडावर दिसतं.

गाविलगडाची लढाईही जमिनीवरूनच कळते. दक्षिणेला सरळ कडा, खाली वऱ्हाडची सपाटी. उत्तरेला मात्र डोंगराची सोंड गडाला चिकटलेली. १८०३ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी अडगावची लढाई झाली, भोसल्यांच्या फौजेला मागे हटावं लागलं. मग इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरात वाट तयार करत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून आणल्या आणि बाहेरच्या तटाला भगदाड पाडलं. आतला तट शाबूत होता. एक तुकडी घळीतून वर चढली, तटावर शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. तो दिवस १५ डिसेंबर. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी अचलपूरजवळच्या देवगावात तह झाला. चिखलदऱ्याहून आपण हसतखेळत ज्या अंगाने गडाकडे जातो, त्याच अंगाने त्या तोफा आल्या. पुढच्या वेळी त्या सोंडेवर पाच मिनिटं थांबा आणि तटाकडे पाहा. मग कळेल की इथला तट जाड का आणि कड्याकडचा नावापुरता का.

पाण्याचं तर बोलायलाच हवं. गाविलगडावरचे देवतलाव आणि मच्छीतलाव, नरनाळ्यावरचे तलाव हे गडांचे खरे खजिने. दारूगोळा महिनाभर पुरतो, पाणी संपलं की चौथ्या दिवशी दरवाजा उघडावा लागतो. उतारावर पडलेला पाऊस कुठे अडवला, कुठून वळवला, हे पावसाळ्यानंतर गेलात तर ओलीवरून सहज दिसतं.

आता थोडं दूरचं सांगतो, कारण ते आपल्या उपयोगाचं आहे. जर्मनीच्या ग्रामीण भागात, वुर्टेम्बर्गमधल्या होहेनलोहेसारख्या शेतीच्या मुलखात, लहान लहान गावांत वाडे आणि किल्ले आहेत. वायकरशाइम, लांगेनबुर्ग ही आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान गावं. १८९९ मध्ये बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाने तिकडे किल्ले जपणाऱ्यांची संघटना उभी केली. १९०१ मध्ये हायडेलबर्गचा पडका राजवाडा पुन्हा बांधावा की नको यावर मोठा वाद झाला. कलेचा इतिहासकार गेओर्ग डेहिओ ठामपणे म्हणाला की आहे ते जपा, नवं जुन्यासारखं करू नका. राजवाड्याचा बराच भाग आजही भग्नच उभा आहे आणि लोक तो पाहायला येतात. शिवाय १९९३ पासून तिथे सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशभर जुन्या वास्तूंची दारं उघडतात, खाजगी घरांचीसुद्धा.

हे आपल्याला का जमू नये? दिवाळीनंतर रस्ते कोरडे होतात, तुरी डोलत असतात. तेव्हाच्या एका रविवारी अकोल्याचा मोर्णाकाठचा असदगड, बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, अचलपूरचा हौज कटोरा आणि ज्या गावांत मालक राजी असतील तिथल्या गढ्या गावाच्याच माणसांनी दाखवाव्यात. शाळेतल्या पोरांनी दाखवाव्यात. फलक नकोत, रंग नको, सिमेंट तर नकोच. मातीच्या बुरजाला सिमेंट फासलं की आतली ओल अडते आणि बुरूज आतून फुटतो. त्याला हवी पांढरी माती आणि भुसकट, पाणी वाहून जायला चर आणि भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढणारा एक जागा माणूस.

मागच्या उन्हाळ्यात मी मामाच्या गावी गेलो होतो. बुरूज गेला, दरवाज्याची एक बाजू उरली. आतली विहीर मात्र आहे. तिच्या काठाच्या दगडांवर दोराच्या खाचा पडल्या आहेत, बोट आडवं ठेवलं तर बरोबर बसेल एवढ्या खोल. मी मोजल्या, सतरा भरल्या. शेजारच्या घरातली म्हातारी बाई बादली घेऊन आली, नायलॉनचा दोर त्यातल्याच एका खाचेत टाकला आणि पाणी शेंदू लागली. मी विचारलं, "मावशी, ह्या खाचा कधीच्या?" ती म्हणाली, "मी लगीन करून आली तवा होत्याच बाप्पा."