अवजार, कारागीर आणि गिऱ्हाईक



मंचर आणि नारायणगाव यांच्या मधल्या या आपल्या कळंबातून हिंजवडीस नोकरीला गेलेली मुले आता थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या मागून येणाऱ्यांचे वडील भेटले म्हणजे पुसतात, "कोणती संगणकभाषा शिकली म्हणजे पोरगा कामाला लागेल?" प्रश्न पोटाचा आहे, हसण्यावारी नेण्याचा नव्हे.

पीएचपी ही भाषा घ्या. रास्मुस लेरडॉर्फ याने ती १९९५ साली सर्वांना खुली केली. फुकट, शिकावयास सोपी, आणि स्वस्तातल्या स्वस्त यंत्रावर चालणारी! २००३ मध्ये तिच्यावर वर्डप्रेस उभे राहिले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. आता, ज्या जत्रेला वाट सोपी तेथे हवशे, नवशे, गवशे सारेच येणार. सरासरी कसब उतरते आणि लोक म्हणतात, भाषाच हलकी. पण विकिपीडियाही याच भाषेवर चालतो, हे कसे विसरावे?

गिऱ्हाईक मात्र सरासरीच पाहते. "अमक्याचा भाचा आठ दिवसांत करून देतो, तुम्हांस महिना कशाला?" संकेतस्थळ दिसते, त्याची राखण, माहितीची जादा प्रत, चोरवाटा बुजवणे, हे दिसत नाही. भाव पडला की जाणता कारागीर दुसरीकडे वळतो, आणि मग गिऱ्हाइकाचा समज खराच ठरतो. हा फेरा भाषेने घातलेला नाही. तो आपण घातला आहे.

उलट बाजूही पाहा. २००४ साली पॉल ग्रॅहम या अमेरिकन लेखकाने असे मांडले की, पायथॉन शिकणारे नोकरीसाठी नव्हे तर आवडीने शिकतात, म्हणून ते अधिक चांगले. तेव्हा ते पटण्यासारखे होते. आज सीबीएसईच्या अकरावीत पायथॉन आहे. ती कसोटी झिजली.

आणि १९५९ साली आखणी सुरू झालेली कोबोल? सन २००० च्या दोन आकडी सालांच्या घोळात तिने आपल्या हजारो मुलांना काम दिले, मग ती अडगळीत गेली म्हणतात. पण २०२० च्या एप्रिलात, करोनाच्या धांदलीत, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले. तेथे नुसते व्याकरण पुरत नाही. जुन्या हिशेबाची रीत ठाऊक असावी लागते.

म्हणून पालकांनी मुलाला भाषेचे नाव विचारू नये. तू केलेले काय मोडले, आणि ते कसे दुरुस्त केलेस, एवढेच विचारावे. गिऱ्हाइकानेही हेच विचारावे. आणि उत्तर ऐकावयास जरा वेळ काढावा.

आता आपले प्रश्न येऊ द्यात.