लग्न लेस्टरला, वाजंत्री हेदवीची



लग्नात काय वाजवायचं हा प्रश्न कोकणात आमच्या हेदवी गावात पूर्वी कुणाला पडत नसे. सनई, ढोल, टिमकी घेऊन खालूबाजावाले येत आणि वाजवत. ते नसले तर माझ्यासारखा स्पीकरवाला असे. कर्णा आंब्याच्या फांदीला बांधायचा, ॲम्प्लिफायर ओटीवर मांडायचा, बिस्मिल्ला खाँसाहेबांची कॅसेट लावायची, की काम झालं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि ती नेमकी मंगलाष्टकांच्या ऐन शेवटाला संपायची, हा जणू नियमच होता. म्हणून एक पोरगा कॅसेटपाशी कायमचा बसवलेला असे. त्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

येत्या जुलैत आमच्या वाडीतल्या एका मुलीचं लग्न आहे, पण ते इंग्लंडात लेस्टरला. नवऱ्या मुलाची माणसं गुजराती. १९७२ साली इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा जी कुटुंबं लेस्टरला जाऊन राहिली, त्यांतली. मुलीचा निरोप आला, "काका, तीन तासांचं एकच सलग म्युझिक करून पाठवा. एकदा चालू केलं की कुणाला हात लावायला नको."

मी स्पष्ट सांगितलं, तसलं काही मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंस तर ऐन वेळी फजिती होईल.

मुहूर्त तेवढा घड्याळावर असतो. बाकी सगळं लग्न माणसांच्या हातात. मंगलाष्टकंच घ्या. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर विसावा. एक म्हणायला किती वेळ लागतो हे सांगता येईल, पण म्हणायची किती, हे भटजी ठरवतात. मुहूर्ताला अवकाश असला की मामा, आत्या, काकू पुढे सरसावतात. दोन्ही घरच्यांची नावं गुंफून रचलेली पदरची मंगलाष्टकं म्हणतात. कुणी वृत्त मोडतं, कुणाचा गळा मधेच दाटून येतो. मुहूर्त टळायला आला असेल तर भटजी चारांतच आटपतात. अंतरपाट नक्की कधी दूर होणार, हे शेवटच्या 'सावधान'पर्यंत मांडवात कुणाला ठाऊक नसतं, आणि झाला की त्याच क्षणी वाजंत्री कडाडली पाहिजे. आमचा सनईवाला सगळा वेळ भटजींच्या हाताकडे डोळे लावून असे. पेनड्राइव्हला डोळे कुठले?

म्हणून ठरवलं ते असं. मंगलाष्टकं रेकॉर्ड करायचीच नाहीत. तिथे जी कोण माणसं असतील त्यांनी तोंडानं म्हणायची, बेसूर तर बेसूर. बाकी संगीत सुट्या तुकड्यांत द्यायचं आणि लॅपटॉपपाशी एक माणूस बसवायचा. मुलीचा मावसभाऊ तिथे शिकायला आहे, त्याची नेमणूक झाली. तोच आमचा कॅसेटवाला पोरगा. त्याला हार आणायला पाठवायचं नाही, फोटो काढायला लावायचं नाही, भटजी दिसतील अशाच जागी बसवायचं, हे मी मुलीच्या आईकडून कबूल करून घेतलं आहे.

पाहुणे यायच्या वेळची सनई लांबलचक दिली आहे, कुठेही हळूच उतरवली तरी तुटल्यासारखी वाटू नये अशी. अंतरपाटाच्या तुकड्याला मात्र उलटा न्याय. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला बहुतेक वेळा अर्धा सेकंद तरी निवांत जागा असते. एरवी ती कळत नाही. पण अंतरपाट खाली आला, दीडशे माणसांनी अक्षता टाकल्या आणि अर्धा सेकंद काहीच वाजलं नाही, तर सगळ्यांच्या माना स्पीकरकडे वळतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. ती मोठी करून, ढोलावरची पहिली टिपरी जिथे उमटते तिथपर्यंतचं सगळं कापून टाकलं. आता बटण दाबलं की ढोलच.

सप्तपदीला काहीही दिलेलं नाही. हल्ली मंत्रांच्या मागे बासरी सोडायची फॅशन आली आहे. मला ती मुळीच आवडत नाही. भटजींचा आवाज ऐकू येऊ द्यावा.

खालूबाजा आम्ही इथेच, मुलीच्या घरच्या खळ्यात रेकॉर्ड केला. मोबाइलवर करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मोबाइल आपणहून बारीक आवाज चढवतो आणि मोठा दाबतो. ढोलावर टिपरी पडली की तो सनईलाही खाली ढकलतो, आणि ऐकताना सनई उचक्या देते आहे असं वाटतं. त्यासाठी आवाजाची पातळी हातानं बांधता येईल असं ॲप घ्यावं, ढोल लांब पडवीच्या टोकाला उभा करावा, सनई त्यामानानं जवळ, आणि मीटर तांबड्यात जाऊ देऊ नये. कमी आलेला आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

मुलीच्या आजीच्या घाण्याच्या ओव्यांनी खरी परीक्षा घेतली. आजी येणार नाही, तिचा प्रवास आता होत नाही. हळदीच्या वेळी व्हिडिओ कॉलवरून तिनं गावं असं आधी ठरत होतं. पण कॉलवर आवाज मागेपुढे होतो, तिकडच्या बायकांना तिच्याबरोबर ओवी धरता येणार नाही. मग रेकॉर्ड करायला बसलो, तर आजीला ओवीच आठवेना. जात्याच्या खुंट्याला हात लागल्याशिवाय तिच्या तोंडून ओवी येत नाही. जातं मांडलं, तर त्याच्या घरघरीत आजी ऐकू येईना. शेवटी जात्याखाली गोणपाटाची जाड घडी घातली, मोबाइल जात्याकडे न धरता आजीच्या खांद्यामागे, कानापाशी धरला आणि खिडकीवर गोधडी टाकली. आजीनं तांदळाची मूठ घातली, खुंटा फिरवला आणि एकामागून एक ओव्या सुरू झाल्या. मध्ये वैरण घालायला ती थांबते, एकदा खोकते. ते मी कापलेलं नाही. मुलीच्या भावाचं म्हणणं होतं की खालून तबल्याचा ठेका टाकू. मी टाकू दिला नाही.

मुलीची आणखी एक हौस होती, बामणघळीची लाट. हेदवीला आलेल्यांनी ती पाहिलीच असेल. भरतीच्या वेळी लाट कातळातल्या त्या अरुंद घळीत शिरते, कोंडते आणि उंच उसळते. कातळावर उभं राहिलं तर तो दणका पायांतून वर येतो. मोबाइलमध्ये मात्र जे आलं ते स्टेशन न लागलेल्या रेडिओच्या खरखरीसारखं. एवढा खोल आवाज त्या इवल्या माइकला झेपत नाही, आणि वर वारा असतो तो वेगळाच. मुलगी ऐकेना, म्हणून सनईच्या आधी पाच सेकंद ठेवली आहे. लेस्टरच्या पाहुण्यांना स्पीकर बिघडला असं वाटलं तर माझा इलाज नाही.

जेवणाच्या वेळी मुलीच्या वडिलांच्या आवडीचं गीतरामायण. पुणे आकाशवाणीनं १९५५-५६ साली आठवड्याला एक गाणं याप्रमाणे ५६ गाणी दिली, त्यातलं सीतास्वयंवराचं त्यांना हवं. पुढे लगेच सिनेमाचं नवं गाणं आलं तर पाहुणे दचकतील, कारण जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज बसका, आजच्याचा चढा. सगळ्या गाण्यांची पातळी एकसारखी करणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं काम.

रात्री नाच. तिकडची मंडळी गरबा घेणार, इकडच्यांना कोळीगीतं हवीत. इथे नशिबानं साथ दिली. गरब्याचा हिंच ताल सहा मात्रांचा आणि कोळीगीताचा झोकाही तसाच, त्यामुळे लय जुळवली की एकातून दुसऱ्यात शिरताना पाऊल अडखळत नाही. आठ मात्रांचं गाणं मध्ये आलं तर मात्र जोडायच्या फंदात पडू नये. सरळ थांबावं, टाळ्या होऊ द्याव्यात, मग पुढचं सुरू करावं.

परदेशातल्या हॉलचे नियम आधी विचारून घ्यावेत. इंग्लंडात बऱ्याच हॉलमध्ये आवाजावर नजर ठेवणारं यंत्र बसवलेलं असतं. ठरलेल्या पातळीच्या वर गेलात की ते स्पीकरची वीज तोडतं. ढोलाची पहिली टिपरी जोरात पडली तर काय होईल, हे लग्नाच्या आदल्या दिवशीच वाजवून पाहायला सांगितलं आहे. नोंदणी पद्धतीच्या विवाहात तिथे धार्मिक विधी चालत नाही, म्हणून नोंदणी वेगळ्या दिवशी आहे. गोरज मुहूर्त धरावा ही आजीची इच्छा होती, पण जुलैत लेस्टरला सूर्य मावळतो रात्री नवानंतर. दुपारचा धरला.

गाण्यांच्या हक्कांचंही पाहावं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नविधी, वरात आणि त्यांना जोडून येणाऱ्या सोहळ्यांना सूट आहे. ती आपल्या देशापुरती. तिथे कुठला परवाना लागतो, हॉलकडे तो आहे का, हे हॉललाच विचारावं. लग्न इंटरनेटवरून थेट दाखवणार असाल तर सिनेगीत लागताच आवाज बंद पडू शकतो, कारण तिथली यंत्रं ओळखीचं गाणं लगेच पकडतात. हेदवीत टीव्हीपुढे बसलेल्यांना मग नुसती हलणारी तोंडं दिसतात. आमच्या खळ्यातला खालूबाजा आणि आजीची ओवी यांत असं पकडण्यासारखं काही नाही, ते इथवर ऐकू येईल.

आता पाठवण्याबद्दल. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं तर आवाज दाबला जाऊ शकतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. फाईलींना क्रमांक द्यावेत आणि कुठला तुकडा कधी वाजवायचा, हे एका कागदावर लिहून द्यावं. पेनड्राइव्ह दोन करावेत आणि दोन वेगळ्या माणसांकडे द्यावेत. तुमच्या घरची लेक परदेशात असेल आणि तिचं लग्न ठरत असेल, तर रेकॉर्डिंग मात्र मेअखेर उरकून घ्या. एकदा पाऊस लागला की कौलांवरच्या आवाजात आपल्याकडे चार महिने काही रेकॉर्ड होत नाही.