दुष्काळी गांवीं सेवेस निघतांना
(दात्यांच्या सभेंत विद्यार्थी-पथकातर्फे झालेलें भाषण)



येत्या सोमवारीं आम्ही पन्नास विद्यार्थी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील एका गांवीं सात दिवसांच्या श्रमसेवेस निघणार आहों. निघण्यापूर्वीं आपणांपुढें चार शब्द बोलावे, अशी कमिटीची आज्ञा आहे. आमच्या प्रवासास व अवजारांस आपण द्रव्य दिलें. तेव्हां आम्ही काय विचार करून जात आहों, हें ऐकण्याचा आपला हक्कच आहे.

माण हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील मुलूख. त्याच जिल्ह्यांत महाबळेश्वरास वर्षाकाठीं 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माणांत तो 500 च्या आसपास, आणि तोही भरंवशाचा नाहीं. 2012-13 च्या दुष्काळांत येथील शेतकऱ्यांना आपलीं गुरें घेऊन चारा-छावण्यांचा आश्रय करावा लागला.

अशा गांवीं जावयाचें ठरतांच मनांत प्रथम आला तो उत्साह. मागून आला तो हिशेब. ज्या गांवास प्यावयास पाणी पुरत नाहीं, त्या गांवीं पन्नास पाहुणे उतरणें हीच एक आपत्ति नव्हे काय? माणशीं रोजचें 20 लिटर धरलें, तरी सात दिवसांत आम्ही 7,000 लिटर पाणी खर्चणार. तें कोणाच्या हंड्यांतून यावयाचें? म्हणून आम्हीं आपसांत वर्गणी करून स्वतंत्र टँकरची तजवीज केली आहे. गांवच्या पाण्यास आम्ही हात लावणार नाहीं.

ही झाली खर्चाची बाजू. आतां जमेची पाहूं. डोंगरउतारावर सलग समपातळी चर खणावयाचे आहेत. 60 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल अशा चराच्या एक मीटर लांबींत 180 लिटर पाणी मावतें. म्हणजे सुमारें 39 मीटर चर एकदां भरला, कीं आम्हीं वापरलें तेवढें पाणी अडलें. पन्नास जणांस हें एका दिवसाचें काम. राहिलेल्या सहा दिवसांची मेहनत ही शिल्लक.

व्यापारी मंडळींस हा हिशेब पटेल; परंतु तो येथेंच पुरा होत नाहीं. चरांत अडलेलें सगळेंच पाणी विहिरीस मिळत नाहीं. कांहीं उन्हानें उडून जातें. कांहीं पावसाळ्यांनंतर चर गाळानें भरूं लागतात. तो गाळ काढावयास आणि उतारावरचें गवत राखावयास आठव्या दिवशीं आम्ही तेथें नसणार. तें काम गांवकऱ्यांसच करावें लागणार.

म्हणून कोणाचा उद्धार करावयास निघालों आहों, असा अभिमान आम्हांस शोभणार नाहीं. दुष्काळांतला माणूस भिक्षेकरी नव्हे. 1972 च्या दुष्काळानंतर, मे 1973 मध्यें, महाराष्ट्रांत सुमारें 50 लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडून, माती वाहून त्यांनीं आपली भाकरी मिळविली. मागेल त्यास काम देण्याचा रोजगार हमीचा कायदा 1977 सालीं झाला, त्याच्या पाठीशीं त्यांचे श्रम आहेत. कुदळ कशी धरावी, हें आम्ही त्यांच्याच लेकीसुनांपासून शिकणार आहों.

मग आमचें म्हणून कांहीं काम आहे कीं नाहीं? आहे, नीट पाहणें आणि खरें लिहिणें. 1876-77 च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, गुरांची व मजुरांची माहिती मिळवून ती लेखी सरकारापुढें ठेविली. तोच कित्ता लहान प्रमाणावर आम्ही गिरवणार आहों. विहिरींचें पाणी किती खोल गेलें, दावणीला किती गुरें उरलीं, कोणत्या घरांना ऊसतोडीस जावें लागलें, कोणत्या मुलांची शाळा सुटली, हें घरोघर विचारून आम्ही लिहून घेऊं. ज्यांस सांगावयाचें नसेल, त्यांस आग्रह करणार नाहीं.

आम्हांस उन्हाचें भय वाटत नाहीं. भय वाटतें तें हें कीं, सात दिवस संपतील, छायाचित्रें निघतील, आणि परीक्षा जवळ येतांच त्या गांवाचें नांवही आमच्या तोंडीं राहणार नाहीं. म्हणून आज आपणां सर्वांस साक्षी ठेवून आम्ही वचन देतों कीं, पावसाळा सरतांच आम्ही पुन्हा त्या गांवीं जाऊं, चर व विहिरी पुन्हा मोजूं, आणि जें दिसेल तें, उणें असलें तरी, जमाखर्चासह आपल्यापुढें ठेवूं.

आपणांपाशीं मागणें दोन. व्यापारी बंधूंनीं कुदळी, फावडीं व घमेलीं गांवींच ठेवण्यास अनुमति द्यावी, आणि गाळ काढण्याच्या मजुरीसाठीं निदान तीन वर्षें यथाशक्ति कांहीं रक्कम लावून द्यावी. ज्यांच्या जमिनी त्या शिवारांत आहेत, त्यांनीं आपल्या उतारावरून चर जाऊं द्यावा आणि दोन पावसाळे तेथें चराई बंद ठेवावी. एकाच्या बांधाशीं चर तुटला, तर खालच्या शेतकऱ्याची विहीर कोरडी राहते.

आमच्या हातून होईल तें थोडें आहे. आपल्या साह्यानें तें टिकाऊ व्हावें, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.